अंथरूण कोणासाठी? पाहुण्यांसाठी की घरच्यांसाठी?

पावसाळा सरला, सोयाबीन घरात आले, कपाशीची बोंडे फुटू लागली की आमच्या वर्धा जिल्ह्यात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एक म्हणजे पहाटेचा गारवा आणि दुसरी म्हणजे दुकानांतला सेल. हिंगणघाटच्या बाजारात जा, समुद्रपूरला जा, नाही तर घरबसल्या मुलाचा मोबाईल उघडून बघा. डबलबेडची चादर, तिला जुळणारे अभ्रे, वर फुलाफुलांची रजई, शिवाय एक मऊ ब्लँकेट, सगळे एकाच पेटीत, एकाच रंगात. ‘सणाची खास भेट, फक्त आजच्या दिवस!’

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरांतून १४ ऑक्टोबर १९५६ नंतर दिवाळी गेली. आपण दिवाळी साजरी करीत नाही. पण दिवाळीचा सेल मात्र मोठ्या श्रद्धेने साजरा करतो! यात कोणाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. बोनस मिळतो तो याच दिवसांत, मालाचे पैसे हातात येतात ते याच दिवसांत, शाळांना सुट्टी लागते आणि बहीण-भाचे येतात तेही याच दिवसांत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे निघालेले नातेवाईक एखादी रात्र आपल्याकडे मुक्काम करतात. अशा वेळी चांगले अंथरूण घरात असावे असे कोणत्या गृहिणीला वाटणार नाही?

समुद्रपूर तालुक्यातील गिरड आणि आसपासच्या गावांत फिरताना आयाबहिणींनी आम्हाला हाच प्रश्न विचारला. “भाऊ, यंदा तो सेट घ्यावा का? सगळेच घेऊन राहिले.” प्रश्न साधा दिसतो, पण त्यात घराचा पैसा आहे, घरातली मायाममता आहे आणि कोणाकोणाच्या बाबतीत तर जिवाचाही प्रश्न आहे. म्हणून या वेळी आम्ही त्यावरच लिहीत आहोत.

रुपयांत नव्हे, दिवसांत मोजा

पहिली गोष्ट किमतीची. दुकानातली चिठ्ठी रुपयांत बोलते. आपण तिचे भाषांतर मजुरीच्या दिवसांत करावे. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. म्हणजे ३१२० रुपयांचा सेट हा एका माणसाच्या १० दिवसांच्या उन्हातल्या कामाइतका झाला. असे मोजले की हात आपोआप थबकतो. थबकलेला हात मागे घ्यायचाच असे नाही, पण विचार करायला तेवढा वेळ मिळतो.

दुसरी गोष्ट हप्त्यांची. ‘शून्य टक्के व्याज’ ही पाटी पाहून पुष्कळ लोक फसतात. रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वातच नसते. वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाला याचा हिशोब पाच मिनिटांत मांडता येतो. समजा, सेटची किंमत ६००० रुपये आहे. रोख दिले तर दुकानदार १० टक्के सूट देतो, म्हणजे तो ५४०० ला पडतो. हप्त्याने घेतला तर सूट नाही. वर १९९ रुपये ‘फाईल चार्ज’ आणि १००० रुपयांचे ६ हप्ते. म्हणजे आपण देतो ६१९९. जादा गेले ७९९. दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते हे ध्यानात घेतले, तर हे व्याज वर्षाला ५० टक्क्यांच्या आसपास जाते. गावातला सावकार असा दर मागेल तर आपण मोर्चा काढू. कंपनी गोड बोलून मागते तेव्हा आपण सही करतो.

बचत गटाच्या नावाने किंवा लघुवित्त कंपनीकडून शिलाई मशीनसाठी, बकरीसाठी म्हणून कर्ज काढायचे आणि त्यातून चादरी घ्यायच्या, हा प्रकारही आम्ही पाहतो. बकरी व्याते, पिलू विकून हप्ता भरता येतो. चादर काही व्यात नाही.

कराचीही एक बाब माहीत असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कापसाच्या रजईवर ५ टक्के आणि त्याहून महाग रजईवर १८ टक्के जीएसटी लागू झाला. एका मोठ्या भपकेदार रजईऐवजी दोन साध्या रजया घेतल्या, तर करही कमी आणि पांघरणारी माणसेही जास्त.

कापूस पिकवणाऱ्यांच्या अंगावर प्लास्टिक

गिरडची टेकडी आपल्याला ठाऊक आहे. वर बाबा फरीद यांचा दर्गा आहे आणि टेकडीवर जायफळासारखे, सुपारीसारखे गोल दगड सापडतात. एका व्यापाऱ्याने फकिराची थट्टा केली म्हणून त्याचा सगळा माल दगड झाला, अशी दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. भूगर्भशास्त्र सांगते की हे काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइट जातीच्या खनिजाचे गोळे आहेत. चमत्कार बाजूला ठेवला, तरी ‘माल दगड होणे’ हा प्रकार मात्र आमच्या पाहण्यात रोज येतो. लोखंडी कपाटावर प्लास्टिकच्या पेटीत जसाच्या तसा पडलेला, वर्षातून चार-पाच रात्री निघणारा पाहुण्यांचा सेट हा दगड झालेला मालच नव्हे काय?

गिरडच्या भोवताली पांढरे सोने पिकते. जवळच्या हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात विलायतेच्या बाजारात त्याच गावाच्या नावाने ओळखला जाई. आजही आपल्या आयाबहिणी पाठीला ओटी बांधून, बोटांना बोंडाची टोके टोचून घेत किलोच्या भावाने कापूस वेचतात. आणि रात्री पांघरतात काय? पॉलिएस्टर! पॉलिएस्टर हे खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांचे सूत. हरियाणातील पानिपत हे ब्लँकेटचे मोठे केंद्र आहे. तेथे जुन्या लोकरी कपड्यांचे सूत काढून स्वस्त ब्लँकेटे विणली जात. आता तेथूनच पॉलिएस्टरची मऊ मऊ ‘मिंक’ ब्लँकेटे गावोगाव येतात. म्हणजे आपला कापूस जातो बाहेर आणि बाहेरचे प्लास्टिक येते आपल्या अंगावर.

आता कापसाचा हिशोब करू. कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते, बाकीची सरकी. मोठ्या रजईला ३ किलो रुई धरली, तर तिला ९ किलो कापूस लागतो. २०२५-२६ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. म्हणजे ९ किलो कापसाचे झाले ७३० रुपये, आणि त्यातही ६ किलो सरकी शिल्लक राहते. वर सरकी काढणे, रुई पिंजणे, कापड आणि शिलाई यांचा खर्च येईल. तरीही पेटीतल्या सेटच्या किमतीशी ताडून बघा. गादीवाल्याकडे जाऊन डोळ्यांसमोर रुई तोलून घेतली, डोळ्यांसमोर भरून घेतली आणि पावती घेतली, तर त्याला मिलच्या टाकाऊ कापसाची किंवा रंगीत चिंध्यांची भेसळ करता येत नाही. पेटीतल्या रजईच्या पोटात काय आहे हे मात्र ती फाटल्यावरच कळते.

ब्लँकेट वाईटच असते असे आम्ही म्हणत नाही. ते हलके असते, धुता येते, लवकर वाळते. पण एक इशारा द्यायलाच हवा. शेकोटीजवळ किंवा चुलीजवळ पॉलिएस्टर पांघरून कधीही बसू नका आणि लेकरांना बसू देऊ नका. कापूस जळतो, पण पॉलिएस्टर वितळते आणि कातडीला चिकटते. त्याची भाजणूक फार खोल असते.

गरज कोणती, दिखावा कोणता?

“साधेपणाने राहा असे धम्म सांगतो, मग रजई कशाला?” असेही कोणी म्हणेल. हा गैरसमज आहे. तथागतांनी भिक्खूंसाठी चार गरजा मानल्या. चीवर, अन्न, सेनासन आणि औषध. सेनासन म्हणजे झोपण्या-बसण्याची जागा आणि तिचे साहित्य. सर्वस्व सोडलेल्या भिक्खूलासुद्धा अंथरूण नाकारले गेले नाही, मग दिवसभर राबणाऱ्या गृहस्थाला कोण नाकारणार? उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणारे उपासक-उपासिका उंच आणि भपकेदार शय्या टाळतात. तो नियम डामडौलाविरुद्ध आहे. गरिबाच्या लेकराने कुडकुडावे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

तेव्हा कसोटी सोपी आहे. थंडी अडवते ते अंथरूण म्हणजे गरज. शेजारणीच्या डोळ्यांत भरावे म्हणून घेतले ते अंथरूण म्हणजे दिखावा. दोन्ही गोष्टी एकाच दुकानात, एकाच नावाने मिळतात, म्हणून घोटाळा होतो.

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपल्याला लहानपणापासून ऐकवली गेली. पण या म्हणीत प्रत्येकाला आपापले अंथरूण असते असे आधीच गृहीत धरले आहे! आपल्या घरांत एका वाकळीखाली तीन-तीन पोरे झोपली. एकाने ओढली की दुसऱ्याचे पाय उघडे. बाबासाहेबांच्या विद्यार्थीदशेतील परळच्या एका खोलीची हकीकत धनंजय कीरांनी लिहिली आहे. जागा इतकी अपुरी की वडील रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावांना अभ्यासाला उठवीत आणि स्वतः झोपत. उशाशी जाते, पायाशी शेळी. अशा घरांतून जो समाज वर आला, त्याला नीट झोपण्याची इच्छा झाली तर ती चैन नव्हे. ती साधी माणुसकीची मागणी आहे. प्रश्न एवढाच की, घेतलेल्या अंथरुणात झोपणार कोण?

रात्री अकराला उठून बघा

कोणत्याही घरात आजीला विचारा, “माय, तुला नवी रजई घ्यायची काय?” ती म्हणेल, “मले कायले पाह्यजे? माही वाकय हाये ना. लेकराइले घ्या.” घरच्या बाईला विचारा, तीही असेच काहीतरी म्हणेल. पाहुणे आले की आपली रजई त्यांना देऊन पदर पांघरून झोपणारी तीच. म्हणून आमचे सांगणे आहे की विचारू नका, बघा. थंडीच्या एखाद्या रात्री अकराला उठा आणि घरभर नजर फिरवा. कोण पाय पोटाशी घेऊन झोपले आहे? दाराच्या फटीजवळ कोण आहे? जमिनीवर नुसत्या चटईवर कोण आहे? जो माणूस आखडून झोपलेला दिसेल, त्याच्यासाठी पहिली खरेदी करायची. मग तुमच्याजवळ ५०० रुपये असोत की ५०००.

विदर्भाचे नाव उन्हाळ्यासाठी गाजलेले असले तरी इथली थंडी हलकी समजू नये. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. टिनाच्या छताखालच्या घरात अशी रात्र कशी जाते हे ज्याचे त्यालाच ठाऊक. म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब थंडीने वाढतो, दम्याचा त्रास बळावतो.

ऊब येते कशी, तेही समजून घ्या, म्हणजे पैसा योग्य जागी जाईल. रजई स्वतः गरम नसते. रुईच्या तंतूंत अडकलेली हवा आपल्या अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. रुईच्या गाठी झाल्या, ती दबली, की हवा राहत नाही आणि रजई जड असूनही थंड लागते. म्हणून दाबून बसलेली रुई पुन्हा पिंजून घेतली की तीच रजई नव्यासारखी ऊब देते. तसेच एका जाड पांघरुणापेक्षा दोन पातळ पांघरुणे बहुतेक वेळा जास्त ऊब देतात, कारण दोहोंच्या मध्येही हवा अडकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फरशी. वरून कितीही पांघरा, खालून गार फरशी अंगाची ऊब ओढून घेत असेल तर उपयोग नाही. खाली चटई, तिच्यावर सतरंजी किंवा जुनी गादी, आणि मग झोपणे. ज्या घरात पैसा थोडा आहे त्या घराने पांघरुणाआधी अंथरुणाकडे बघावे.

तान्ह्या बाळावर मात्र जड रजई टाकू नये. तोंडावर आली तर त्याला ती बाजूला सारता येत नाही. बाळाला कपडे, टोपी, मोजे आणि आईची कूस हेच चांगले.

ज्या घरात सिकलसेलचे लेकरू आहे

आता ज्या घरांसाठी हा प्रश्न खरोखरच जिवाचा आहे त्यांच्याविषयी. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात, आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. १९५८ मध्येच नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले होते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि २०४७ चे उद्दिष्ट ठेवले.

या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातपाय, पाठ, छाती असह्य दुखू लागते. थंडी हे अशा दुखण्याचे एक ओळखीचे कारण आहे, कारण गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात. पाणी कमी पिणे हेही एक कारण, आणि थंडीत लेकरे पाणी कमीच पितात. म्हणजे रात्री उघडे पडलेले सिकलसेलचे लेकरू सकाळी दवाखान्यात पोहोचू शकते. एका खेपेचा गाडीखर्च, बुडालेली मजुरी आणि लेकराचे हाल यांची बेरीज करा. चांगल्या रजईची किंमत त्यापुढे काहीच नाही. अशा घरात ऊबदार पांघरूण, पायमोजे, कानटोपी ही औषधाच्या बरोबरीने घ्यायची वस्तू आहे. अर्थात ती औषधाच्या जागी घ्यायची नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालूच ठेवायच्या.

ज्यांची तपासणी झालेली नाही त्यांनी सरकारी दवाखान्यात ती करून घ्यावी, आणि लग्न जुळवताना तर दोन्ही बाजूंनी अवश्य करावी. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

आनंदाचे उत्तर आणि आजीचा पोतेरा

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी भदंत आनंदांना ५०० वस्त्रे दान दिली. राजाला वाटले, या श्रमणाला एवढ्या वस्त्रांचे काय करायचे? हा काय कापडाचे दुकान घालणार? त्याने आनंदांना गाठून विचारले. आनंद म्हणाले की ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरायची वस्त्रे. त्यांचे? पायपुसणी. पायपुसण्यांचे? झाडायची फडकी. आणि फडक्यांचेही तुकडे करून ते मातीत मळायचे आणि त्याने जमीन सारवायची. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी ५०० वस्त्रे दिली.

हे वाचताना आपल्या आजीची आठवण होत नाही काय? लुगडे विरले की त्याची वाकळ, वाकळ विरली की लेकराचे दुपटे, मग पायपुसणे आणि शेवटी सारवणाचा पोतेरा. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आपल्या आज्या हेच शहाणपण जगल्या. तेव्हा जुने लुगडे बोहारणीला देऊन स्टीलची वाटी घेण्याआधी दोनदा विचार करा. दोन सुती लुगड्यांची, मध्ये जुन्या चादरीचा थर घालून शिवलेली वाकळ ही आजही गावातली सर्वांत स्वस्त आणि धुण्याजोगी ऊब आहे. ज्या बहिणींच्या हातात हे टाके आहेत त्यांनी ते सुनांना आणि लेकींना शिकवावेत, आणि शिवून देण्याचे पैसेही घ्यावेत. कला फुकट वाटू नये.

आहे ते अंथरूण टिकवण्याचे साधे नियम असे. रजईला आणि गादीला सुती खोळ घाला, खोळ धुवा, रुई भिजू देऊ नका. आठवड्यातून एकदा कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा, म्हणजे ओल आणि वास जातो. थंडी संपल्यावर पूर्ण वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून बांधून ठेवा. मुतऱ्या लेकराच्या अंथरुणाखाली रबरी कापड घाला आणि लेकराला मारू नका.

पैशाची वाटणी

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि एक भाग अडीनडीसाठी राखून. समजा, देणी फिटल्यावर कापसाच्या किंवा बोनसच्या पैशांतून १२,००० रुपये हातात उरले. तर ३००० उपभोगाचे, ६००० बियाणे-अवजारे-धंद्याचे आणि ३००० अडचणीचे. रंगीत सेट घ्यायचा असेल तर तो पहिल्या ३००० मधूनच, आणि रोखीने. त्यातच मुलांचे कपडे, भेटी, गोडधोड हे सारे बसले पाहिजे. मात्र म्हाताऱ्या आईची किंवा आजारी लेकराची रजई अडचणीच्या भागातून घ्यायलाही आमची हरकत नाही. ते आजाराच्या आधी घेतलेले औषध आहे.

आता दोन खरेदींची तुलना करू. समजा, आईसाठी १५०० रुपयांची रजई घेतली. ती ८ हिवाळे चालली आणि मधल्या काळात पिंजणे-खोळ यांवर ६०० रुपये लागले. थंडीच्या ९० रात्री धरल्या तर ७२० रात्री झाल्या. एका रात्रीचा खर्च तीन रुपयांच्याही आत. पाहुण्यांसाठी ३१२० चा सेट घेतला, तो वर्षातून ५ रात्री निघाला, म्हणजे ८ वर्षांत ४० रात्री. एका रात्रीचा खर्च ७८ रुपये! महाग कोणते आणि स्वस्त कोणते, ते वाचकांनीच ठरवावे.

मग पाहुणे आल्यावर करायचे काय? लग्नकार्याला आपण बिछायत केंद्रातून गाद्या-चादरी भाड्याने आणतोच. तीच युक्ती लहान प्रमाणात करता येईल. आठ-दहा घरांनी किंवा महिला बचत गटाने मिळून दहा चांगल्या सुती चादरी, पाच रजया, पाच गाद्या घ्याव्यात आणि बुद्धविहारात एका कपाटात ठेवाव्यात. ज्याच्याकडे पाहुणे येतील त्याने वहीत नोंद करून न्याव्यात आणि धुऊन, वाळवून परत कराव्यात. नाममात्र भाड्यातून पिंजण्याचा खर्च निघेल. एकदम घेतल्याने भावही कमी पडेल. गिरडसारख्या गावात हे सहज जमण्यासारखे आहे. एकट्याने दिखावा करायला जे परवडत नाही, ते दहा जणांना मिळून चांगल्या प्रतीचे घेता येते.

आणि आनंदालाही जागा असावी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला किंवा मुलीच्या वाढदिवसाला तिच्या पसंतीच्या रंगाची एक नवी सुती चादर जरूर आणावी. सोलापुरी चादर आपल्या महाराष्ट्राची, भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू आहे. ती पांघरताही येते, अंथरताही येते आणि वर्षानुवर्षे टिकते. नव्या चादरीवर लेकरे लोळतात तेव्हा घराला जो आनंद होतो त्याचा हिशोब कोणत्याही वहीत मांडता येत नाही, आणि मांडूही नये. फक्त ती चादर पेटीत बंद करू नका. आणलेल्या रात्रीच अंथरा.

तेव्हा बंधुभगिनींनो, घ्यावे की न घ्यावे या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. घ्यावे. पण आधी आखडून झोपणाऱ्यासाठी, मग जमिनीवर झोपणाऱ्यासाठी, मग लेकरांच्या हौसेसाठी, आणि पाहुण्यांसाठी सर्वांनी मिळून. घ्याल ते रोखीने, तोलून, पावतीसह. तक्रार असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. यंदाच्या थंडीत आपल्या वस्तीतील एकही म्हातारे माणूस आणि एकही लेकरू कुडकुडत झोपले नाही, तर आपले पैसे सत्कारणी लागले असे समजावे.